ओरिजिनलच्या जागी प्रॉक्सी

आमच्या ऑफिसातली हार्ड डिस्क दर दोन महिन्यांनी भरते. मग सुनंदा बसते आणि एकेक फाइल उडवते. रक्तदान शिबिर उडवलं, हुरडा पार्टी उडवली, कुणाचा तरी सत्कार उडवला. डिस्क रिकामी होते. पण ते सगळं शूट करताना, कापताना आणि बाहेर काढताना जे घडलं ते उडवायला कुठलंच बटण नाही! ते साठतच जातं. चार माणसं चहाला बसली की कुणीतरी म्हणतो, "सर, तो वर्षश्राद्धाचा किस्सा सांगा ना." मी चिडतो. आणि सांगतो.

आधी माणसं सांगतो. मंचरला बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं एक दुकान आहे. त्याच्या माडीवर आमचं बातम्यांचं चॅनल. चॅनल म्हणजे लोक मोबाइलवर बघतात ते. दुकान आणि चॅनल दोन्ही नानांचं. खाली कीटकनाशक, वर बातम्या. नाना म्हणतात, धंदा एकच आहे!

सुनंदा आमची व्हिडिओ एडिटर. शिनोलीची. बारा वर्षं लग्नांचे व्हिडिओ कापले. रडणारी नवरी आणि जेवणारे पाहुणे यांना वेगळं कसं ठेवायचं, हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही.

आणि मी. तीस वर्षं छापील पेपरात बातमीदारी केली. एवढ्या वर्षांत इतक्या लोकांनी "बघून घेतो" म्हटलं, की माझा एक नियमच झाला. चूक म्हणून काही नसतं. चुकीच्या मागे माणूस असतो.

हा नियम कंप्युटरला लावू नये, असं सुनंदाचं म्हणणं. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही.

या उन्हाळ्यात आमच्या हाती एक टाकी लागली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. गावात पाण्याची नवी टाकी झाली, रंग झाला, नाव घातलं, कागदोपत्री काम पूर्ण. आत पाण्याचा थेंब नाही! बायका पूर्वीसारख्याच हंडे घेऊन ओढ्याकाठच्या विहिरीवर. महिनाअखेर ग्रामसभा होती. तिथे 'काम समाधानकारकरीत्या पूर्ण' असा ठराव झाला की ठेकेदार मोकळा आणि पुढे विचारायला जागा नाही. त्याआधी बातमी नीट लोकांपुढे जायला हवी होती. एवढंच काम.

आणि नेमक्या याच महिन्यात आमच्या ऑफिसात एकामागून एक बिघाड सुरू झाले. तुम्हीच सांगा, संशय येणार नाही?

* * *

टाकीचं पहिलं शूट करून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढून आत पाऊल टाकतो, तर सुनंदाचा अख्खा स्क्रीन लालभडक! वर ठळक अक्षरांत: मीडिया ऑफलाइन.

तीस वर्षं जे होणार होणार म्हणत होतो ते झालं! तसाच खाली धावलो.

"नाना, बंदी आली! आपला मीडिया बंद केला!"

नानांनी गिऱ्हाईकाच्या हातातली औषधाची बाटली काढून घेतली आणि शटर अर्धं खाली ओढलं. "कुणी केला?"

"ते शोधून काढतो. वरून आदेश असणार."

नाना घाबरत घाबरत वर आले. तोवर सुनंदाही आली होती. तिने स्क्रीन पाहिला, खुर्चीत बसली, दोन ठिकाणी क्लिक केलं.

"सर, कालच्या शूटचं फोल्डर मी 'टाकी' नावानं ठेवलं होतं. त्याचं नाव कुणी बदललं?"

मी म्हटलं, "मी बदललं. त्या नावानं ठेवलं तर कुणीही उघडून डिलीट करील. गुप्तता म्हणून काही असते का नाही?"

"मग काय नाव दिलं?"

मी नानांकडे पाहिलं. नाना माझ्याकडे.

"आजीचं वर्षश्राद्ध," मी म्हटलं.

सुनंदाने शांतपणे समजावलं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ नसतो, व्हिडिओ कुठे ठेवलाय त्याचा पत्ता असतो. पत्त्यावरची पाटी बदलली की त्याला घर सापडत नाही. मग तो लाल होतो. तिने नवा पत्ता दिला, लाल गेलं, टाकी आली.

नाना शटर वर करायला खाली निघाले. जिन्यातून त्यांना सुनंदाचं बोलणं ऐकू गेलं.

"नाना, बंदीबिंदी काय न्हाई. मीडिया वर्षश्राद्धाला गेला होता!"

* * *

त्याच बातमीचा एक छोटा तुकडा संध्याकाळपर्यंत टाकायचा होता. मी घोडेगावला तहसीलमध्ये कागद काढत होतो. तिथून फोन केला, "सुनंदा, एक्सपोर्ट झालं का?"

एक्सपोर्ट म्हणजे कापून-जोडून तयार झालेला व्हिडिओ एका फाइलमध्ये बाहेर काढणं. आमच्यात हा शब्द दिवसातून पन्नास वेळा होतो. फक्त एक गोष्ट आमच्या लक्षात नव्हती. जुन्नर-आंबेगावात हा शब्द आमच्याआधी द्राक्षवाल्यांचा आहे.

ऑफिसात रेंज नसते. सुनंदा फोन घेऊन जिन्यात आली आणि मोठ्याने ओरडून सांगू लागली, "सर, एक्सपोर्ट अडकलंय! नव्याण्णव टक्क्यांवर! तीनदा फेल गेलं! मोठी साइज घेतच न्हाई, आता साइज बारीक करून पाठवते!"

अडकायचं कारण साधं होतं. डिस्कमध्ये जागा नव्हती. नानांच्या भाच्याचं लग्न त्यात पडून होतं, हळदीपासून, चार कॅमेऱ्यांनी. सुनंदाने हळद हलवली आणि काम झालं.

पण संध्याकाळी माझा फोन वाजायला लागला. तीन वेगवेगळ्या माणसांनी तीच बातमी दिली, "खात्रीलायक आहे सर, द्राक्षाचं एक्सपोर्ट बंद पडलंय. मोठा मणी नको म्हणतायत, बारीक मागतायत!"

मला लगेच वास आला. व्यापाऱ्यांचा डाव! दुसऱ्या दिवशी सकाळीच आळेफाटा गाठला. एकाला विचारलं, त्याने आळे गावातल्या चुलत्याचं नाव सांगितलं. चुलत्याने साडू दाखवला. साडूने नारायणगावच्या बाजूचा मळा. अर्धा दिवस मोटरसायकलवर बातमीचा उगम शोधत फिरलो. शेवटी एक बागायतदार वेलींखाली भेटला. मी वही काढली. पेन उघडलं.

"तुम्हाला ही माहिती कुणी दिली? नाव छापणार नाही."

तो इकडेतिकडे बघून जवळ सरकला. "पावणं, आमी मंचरला औषध आणाया गेल्तो. तितं दुकानाच्या जिन्यात एक बाई फोनवर वरडत व्हती. लई आतल्या गोटातली वाटली!"

* * *

मधल्या आठवड्यात लोणीच्या बाजूचे म्हाळूभाऊ आले. मेंढपाळ माणूस, नवा मोबाइल घेतलेला. "सर, म्या लई भारी व्हिडिव काढलाय," म्हणाले आणि फाइल देऊन मेंढरांकडे निघून गेले.

आमच्या कंप्युटरवर लावली तर चित्र काळं कुळकुळीत. आवाज मात्र स्वच्छ: "आला रं, आला! वाघ्या आला! सोड, मेंढरू सोड!"

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मी म्हटलं, झालं! दिवसाढवळ्या कळपात बिबट्या, आणि चित्र गायब! आवाज आहे आणि चित्र नाही, म्हणजे कुणीतरी नेमकं चित्र काढून घेतलंय. तडक वनखात्याच्या ऑफिसात गेलो आणि विचारलं, व्हिडिओतला बिबट्या कुणी दाबला?

तिथला वनरक्षक सभ्य माणूस होता. म्हणाला, "साहेब, आमच्याकडं पिंजरा आहे. चित्र काढून घ्यायचं यंत्र नाही."

परत आलो तर सुनंदा म्हणाली, "सर, नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचं क्रेट असतं ना? क्रेट सगळ्यांचं सारखंच. आत माल कुठल्या जातीचा, ते क्रेटवरनं कळत न्हाई. ही फाइल तशीच हाय. क्रेट ओळखीचं, पण आतला माल नव्या जातीचा. आपल्या जुन्या कंप्युटरला तो उलगडता येत न्हाई. मी जुन्या जातीत बदलून घेते, थांबा."

दहा मिनिटं लागली. चित्र आलं. हिरवं रान, मेंढरं, आणि एका कोकराचा कान तोंडात धरून शेपूट हलवणारं भलंमोठं केसाळ कुत्रं.

मी म्हाळूभाऊंना फोन लावला. "अहो, यात बिबट्या कुठाय?"

"बिबट्या?" पलीकडून आवाज आला. "बिबट्या कवा म्हणलं म्या? वाघ्या म्हणलं. त्याचं नावच वाघ्या हाय!"

वनरक्षक अजून मला लांबून नमस्कार करतो. त्या नमस्काराचा मला संशय आहे.

* * *

आता टाकीच्या गावचे सरपंच.

खरं म्हणजे सरपंच आहेत मंगलताई. निवडून त्या आल्या, सही त्यांची, शिक्का त्यांचा. पण खुर्चीत बसतात, फोन घेतात आणि कॅमेऱ्यापुढे बोलतात ते त्यांचे यजमान, बबनराव. गावात नवऱ्याला सरपंच म्हणतात आणि सरपंचांना वहिनी.

बबनरावांची मुलाखत मीच घेतली होती. टाकीपुढे उभे राहून त्यांनी सांगितलं, "टाकी एक नंबर झालीय. पाणी लई हाय. फकस्त सोडायचं बाकी हाय."

बातमी गेली. आणि दुसऱ्या दिवशी बबनराव स्वतः माडीवर हजर! मागे मंगलताई, हातात पिशवी.

"सर, ही काय पद्दत झाली? माझं तोंड धुरकट केलं! चोराचं करत्यात तसं! मी काय आरोपी हाय व्हय?"

मी मोबाइलवर पाहिलं. खरंच, अख्खी बातमी पाण्यात बुडवून काढल्यासारखी अंधुक. टाकी अंधुक, बबनराव अंधुक, मी अंधुक. मी सुनंदाकडे वळलो. "हे कुणाच्या सांगण्यावरून झालं?"

सुनंदा घाबरली नाही. तिने सेटिंग उघडलं आणि कपाळावर हात मारला. त्याचं असं असतं, की चांगल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ फार जड असतो, आमचा कंप्युटर त्याच्याखाली चेंगरतो. म्हणून एडिटर त्याची एक हलकी, कमी दर्जाची नक्कल करून घेतो आणि कापाकापी तिच्यावर करतो. शेवटी बाहेर काढताना मात्र नक्कल बाजूला सारून खरा व्हिडिओ आत घ्यायचा असतो. त्या नकलेला प्रॉक्सी म्हणतात.

हे सगळं तिने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती घाईघाईत एवढंच बोलली, "सर, चूक झाली. ओरिजिनलच्या जागी प्रॉक्सी गेलाय!"



बबनराव हळूच म्हणाले, "कुणाला प्रॉक्सी म्हणता?"

"व्हिडिओला," सुनंदा म्हणाली.

"माझं नाव घिऊन म्हणला तुमी."

"नाव कुठं घेतलं? मी म्हणलं, ओरिजिनल मागं राहिलं आन् प्रॉक्सी पुढं गेला."

हे आणखी वाईट झालं! नाना खालून चहा घेऊन आले, "सरपंच, गवती चहाचा आहे, घ्या," म्हणाले, आणि बबनराव कसेबसे बसले.

मागच्या खुर्चीवर मंगलताईंनी पदर तोंडाला लावला होता. खोकला असावा.

निघताना मात्र मी एक गोष्ट टिपली. बबनराव जिना उतरत होते तेव्हा मंगलताई मागे राहिल्या. त्यांनी पिशवीतून शेवग्याच्या शेंगांची जुडी काढली, सुनंदाच्या टेबलावर ठेवली. दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. सुनंदाने मान डोलावली.

मी तारीख-वार वहीत लिहून ठेवला.

* * *

मग मी ठरवलं, आता मीच बोलणार. वीस मिनिटांचं विश्लेषण केलं, स्वतःच्या मोबाइलवर, घराच्या अंगणात. कुणाचा हात लागायला नको!

व्हिडिओ गेला. पहिली पाच मिनिटं ठीक. नंतर आवाज पुढे आणि ओठ मागे. शेवटी शेवटी मी "धन्यवाद" म्हणून मोकळा झालोय आणि तोंड अजून ठेकेदारावर बोलतंय! खाली लोकांनी लिहिलं, "सर आधी बोलतात, मग तोंड उघडतात."

सुनंदाने कारण सांगितलं. मोबाइल सेकंदाला ठरावीक चित्रं काढत नाही. अंगणात ढग आला की कमी काढतो, ऊन आलं की जास्त. आवाज मात्र एका चालीने जातो. हळूहळू दोघांची फारकत होते. आधी चित्रांचा वेग एकसारखा करून घ्यायचा, मगच कापायला बसायचं.

मी म्हटलं, नेमका ढग माझ्याच विश्लेषणाला कसा आला?

घरी आमच्या हिने तो व्हिडिओ दोनदा पाहिला. म्हणाली, "आधी बोलायचं आणि तोंड मागनं सांभाळायचं, हे तुमचं लग्नापासूनचंच आहे. कॅमेऱ्यात दिसलं आता, एवढंच."

* * *

ग्रामसभेला तीन दिवस उरले. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सर, मंगल बोलते. उद्या दुपारी येता का? आमचे सरपंच पुण्याला चाललेत."

मी आणि सुनंदा गेलो. टाकीपाशी मंगलताई एकट्याच होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी एक दगड उचलला आणि टाकीखालच्या लोखंडी पाइपवर मारला. टण्ण! मग व्हॉल्व्हचं चाक दोन्ही हातांनी फिरवलं. फुस्स झालं आणि नळातून एक पाल खाली पडली.

"बघा," त्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "असं पाणी येतंय आमच्या टाकीत. टाकी पुरी झाली म्हणून कागद आला. चुलीपुढं आणून दिला, म्या सही केली. टाकी बघितली न्हवती. आज बघितली. ती सही माझी हाय आन् ती चुकली, हे बी मीच सांगते. पाणी येस्तवर ठराव व्हऊ द्यायचा न्हाई."

दोन मिनिटांचा व्हिडिओ. तीस वर्षांत मी अशी मुलाखत घेतली नव्हती, आणि यात तर मी एक प्रश्नही विचारला नव्हता!

सुनंदाने रविवारी सकाळी बसून कापला. मी मागे उभा. हेडफोन लावून तीनदा ऐकला, शब्द न् शब्द खणखणीत. चित्र ओरिजिनल, प्रॉक्सी नाही, हे दोनदा तपासलं. टाकला.

तासाभरात फोन सुरू. "सर, आवाज नाही!" "सर, बाई नुसत्या तोंड हलवतायत!" "सर, दगड मारला, पण वाजला नाही!"

मी मोबाइलवर लावला. खरंच. मंगलताई बोलत होत्या आणि आवाजच नव्हता. हेडफोन घातला तर आवाज आहे. काढला तर नाही.

माझं डोकं फिरलं. उद्या ग्रामसभा! मी नानांसमोर टेबलावर हात आपटला.

"सुनंदा, किती दिवसांपासून चाललंय हे? लाल स्क्रीन, अडकलेलं एक्सपोर्ट, धुरकट व्हिडिओ, आणि आज नेमका या बाईचा आवाज बंद! शेवग्याच्या शेंगांवर विकली गेलीस तू?"

नाना म्हणाले, "सर, शेंगांवर?"

 सुनंदाने हेडफोन माझ्या हातात दिला. "डावा कान लावा. ऐकू येतंय?"

"येतंय."

"आता उजवा."

"येतंय."

"आता मोबाइलच्या एका स्पीकरमधनं ऐका. न्हाई ना? कारण तिथं दोन्ही एकात मिसळतात. डाव्या बाजूचा आवाज जेव्हा पुढं ढकलतो, तेव्हा उजव्या बाजूचा तेवढ्याच जोरानं मागं ओढतो. दोघं मिळून शून्य! हे एडिटिंगमध्ये झालं न्हाई सर. हे वायरीत झालंय. माइकला वायर कुठली लावली होती?"

वायर मी लावली होती. ऑफिसची जुनी वायर मी वापरत नव्हतो. ती खरखर करायची, आणि खरखर नेमकी ठेकेदाराच्या नावावर यायची. म्हणून मी स्वतः पुण्याला जाऊन नवी आणली होती. दुकानदार विचारत होता, कुठल्या माइकला, कुठल्या कॅमेऱ्याला? मी एक अक्षर सांगितलं नाही. बातमी फुटली असती!

"एका बाजूचा आवाज काढून टाकला की काम झालं," सुनंदा म्हणाली आणि दोन मिनिटांत केलंही. जुना व्हिडिओ काढला, नवा चढवला. मग पर्स उचलली.

"आन् शेंगा मंगलताईंनी दिल्या. त्यांनी विचारलं, प्रॉक्सी म्हंजी काय ओ? मी नीट समजावून सांगितलं, म्हणून दिल्या. संशय घ्या सर, पण आधी वायरीवर घेत जा."

आणि ती घरी गेली. मी माफी मागितली नाही. मला जमत नाही. वहीतली ती तारीख मात्र खोडली.

* * *

गावात त्या दिवशी काय झालं, ते मला नंतर कळलं.

मुका व्हिडिओ घरोघरी पोचला होता. पुण्याहून परतलेले बबनराव पारावर बसून सांगत होते, "बगा, ती काय बोललीच न्हाई!" पण कुणातरी कॉलेजच्या मुलीने इअरफोन लावून ऐकलं आणि आईला म्हणाली, कानात घाल. आईने घातलं. मग शेजारणीला बोलावलं.

गावात इअरफोन थोडे, बायका जास्त. एका इअरफोनचा एक कान हिच्या कानात, दुसरा तिच्या. आमचा दुरुस्त व्हिडिओ चढायच्या आत गावातल्या बायका दोघी-दोघी डोकी जुळवून ओट्यांवर बसल्या होत्या. पारावरच्या माणसांना वाटलं, गाणी ऐकतायत.

* * *

ग्रामसभेला मी एकटाच जाणार होतो. सकाळी एसटी स्टँडवर सुनंदा उभी. खांद्यावर कॅमेरा, हातात जुनी, खरखर करणारी वायर.

"नानांनी सांगितलं म्हणून आलेय," म्हणाली. नंतर नानांना विचारलं. त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

शाळेपुढे मांडव होता. मधल्या खुर्चीत बबनराव, शेजारी ग्रामसेवक. पुरुष समोर, बायका डाव्या हाताला सतरंजीवर, त्यांच्यात मंगलताई. ग्रामसेवकांनी ठराव वाचला. मी उठलो आणि म्हटलं, सरपंच मंगलताईंनीच सांगितलंय टाकी कोरडी आहे, व्हिडिओ सगळ्यांकडे आहे.

बबनराव याचीच वाट बघत होते.

"मंडळी, सकाळी व्हिडिव आला तवा त्यात आवाज व्हता का? न्हवता! दुपारी परत आला तवा आवाज व्हता. मंग मदल्या वक्ताला आवाज कुटनं आला? हेंनी भरला! आजकाल कंप्युटरवर कुणाच्याबी तोंडी काहीबी घालता येतं राव!"

लोक माझ्याकडे बघायला लागले. तीस वर्षं मी ज्या नजरेने लोकांकडे बघत आलो, तीच नजर.

मी वायरीचं सांगायला लागलो. डावा कान, उजवा कान, पुढे ढकलणं, मागे ओढणं. दोन म्हातारे हसले. माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

ग्रामसेवक म्हणाले, "सर, वाद नको. तुमच्याकडं ओरिजिनल असेल तर ते दाखवा."

ओरिजिनल म्हणजे कॅमेऱ्यातलं कार्ड. कुणाच्या हाती लागू नये म्हणून मी ते दोन रात्री घरी तिखटाच्या बरणीत ठेवलं होतं. तिखट पुसून आणलं होतं. सुनंदाने ते ग्रामसेवकांच्या लॅपटॉपला लावलं. लॅपटॉपने विचारलं, कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का?

"नको!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की मांडवातलं कुत्रं उठून गेलं.

ग्रामसेवकांनी कागद पुढे ओढला. "म्हणजे ओरिजिनल नाही."

"हाय की."

आवाज सतरंजीवरून आला. मंगलताई उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे दोघी-दोघींनी मिळून सगळ्या बायका उभ्या राहिल्या. मंगलताई चालत मांडवाच्या मधोमध आल्या आणि खुर्चीपुढे थांबल्या.

"ओरिजिनल हितं हाय," त्या म्हणाल्या. "प्रॉक्सीनं खुर्ची सोडावी."

मग खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज झाला.

मी सवयीने वळलो आणि कॅमेऱ्याच्या वायरीला हात घातला. सुनंदाने हेडफोन न काढता माझ्या हातावर फाडकन चापट मारली.

"वायरीला हात लावू नका सर. आवाज येतोय."